आत्याच्या वाट्याचे आभार

मित्रांनो, १९७३ सालच्या वर्षअखेरच्या सुट्टीत आमच्या घरी सगळे जेवण निवून गार झाले आणि तरी कुणी तक्रारीचा चकार शब्द काढला नाही. ही त्याच दिवसाची गोष्ट.

मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. एका अबोल सुताराने मला असे घडवले, की ओढले की माझे दोन भाग व्हावेत आणि मध्ये एक फळी बसावी. एरवी मी चौघांचे, फळी बसली की दहाजणांचे. वर्षभर ती फळी कपाटामागे उभी असे. सुट्टीत ती बाहेर निघाली, की माझ्या अंगात हत्तीचे बळ येई. माणसे येणार!

आजोबांचा एक नियम होता. पहिल्या घासाआधी प्रत्येकाने एकाचे आभार मानायचे आणि कशाबद्दल ते नेमके सांगायचे. "आणि जो टेबलाशी बसलाय त्याचेच," ते बजावत. "पाठीमागे गोड बोलून काय उपयोग?"

नियम चांगलाच होता. पण आजोबांची मुलगी, सगळ्या पोरांची आत्या, त्या वेळी हमखास चुलीपाशी असे. "तुम्ही आभार उरका, तोवर मी गरम गरम आणते," असे ती म्हणे. त्यामुळे टेबल दहाजणांचे असूनही खुर्च्या नऊच मांडल्या जात.

त्या दिवशी सकाळी तिने माझ्यापाशी बसून पत्र लिहिले. दूरच्या गावी मुलींच्या वसतिगृहात तिला नोकरी चालून आली होती. 'येते' एवढा शब्द लिहायला तिला फार वेळ लागला. "इथं माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय!" असे पुटपुटत तिने पत्र टेबलक्लॉथखाली सरकवले. मला बोलता आले असते, तर मी ओरडून सांगितले असते.

दुपारी आभार सुरू झाले. आजोबांचे धाकटे चिरंजीव, म्हणजे पोरांचे काका, म्हणाले, "वहिनी, माझ्या आजारपणात तुम्ही दर आठवड्याला पत्र लिहिलंत, त्याबद्दल आभार. अक्षर लागलं नाही, ते सोडा." खसखस पिकली. मग आजोबांच्या आठ वर्षांच्या नातीची, भिंगरीची पाळी आली.

"मला आत्याचे मानायचेत."

"ती टेबलाशी नाही गं. दुसरं कुणी बघ," आजोबा म्हणाले.

"पण ती कधीच नसते!"

आतून हाक आली, "उरकलं का रे? आणू का?"

"काही आणू नकोस. इथं येऊन बस," आजोबा म्हणाले.

"अहो बाबा, निवेल सगळं!"

"निवू दे."

भिंगरीने आपली खुर्ची दिली. आत्या पदराला हात पुसत अवघडून बसली. आजोबा म्हणाले, "रोज आठवणीनं डोळ्यांत थेंब घातलेस, म्हणून आज तुझा चेहरा दिसतोय मला." मग काका म्हणाले, "आई गेली तेव्हा मी पोचलो नाही. तू होतीस." एकेक करून नऊही जण बोलले. आत्याचे दोन्ही हात माझ्यावर होते.

शेवटी तिने पत्र काढून दाखवले.

"फाडून टाक ते," आजोबा म्हणाले.

"नाही बाबा. सकाळी रुसून जाणार होते, आता हसत जाईन. पण जाणार."

"आणि आमच्या जेवणाचं काय?" भिंगरीची आई म्हणाली.

"वहिनी, घरात अठरा हात आहेत की!"

ती गेली. वसतिगृहात तिने बावीस वर्षे काढली. सुट्टीत आली की पाहुणीसारखी बसून जेवे. पुढे तिकडेच वारली. आजोबांना आणखी तीनच सुट्ट्या मिळाल्या. भिंगरीचे बाबा पुष्कळ भांडी करपवून स्वयंपाक शिकले. आता ते नाहीत, आईही नाही. काका मुलांकडे परदेशी आहेत, फोनवर अजून विनोद करतात.

मित्रांनो, तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांत शेवटी जेवते, त्याला एकदा आधी बसवा. ते तोंडाने मागणार नाही.

मी आता भिंगरीकडे आहे. तिचे केस पांढरे झाले आहेत. माझ्या एका कोपऱ्यावर तिचे ताट असते, बाकी अंगावर औषधे आणि वर्तमानपत्रे. रद्दीला काय वजन असते? मला माणसांच्या कोपरांचे ओझे हवे आहे.