चौऱ्याहत्तर गुण कोणाचे?

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मनाने वाईट नाही, पण संगणकाचे नाव निघाले की माझा जळफळाट होतो.

१९९२ साली शिवप्रसाद सरांनी मला राजारामपुरीतल्या आपल्या इंग्रजीच्या क्लासमध्ये आणले. मी वाक्य ऐकवायचो, मुले माझ्यामागून म्हणायची. खंडेनवमीला झेंडूची माळ मलाच. तेरा वर्षे हा मान मी भोगला.

मग संगणक आला. मुलांनी माईकमध्ये वाक्य बोलायचे, त्याने आवाजाचे चढउतार पडद्यावर रेघेने दाखवायचे आणि शंभरपैकी गुण द्यायचे. शिकवले मी आणि गुण वाटणार हा! मी मात्र कपाटावर धूळ खात पडलो.

कुरुंदवाडची सौंदर्या रोज एसटीने यायची. तिला पुण्याच्या कॉल सेंटरमध्ये नोकरी हवी होती. शनिवारपर्यंत सत्तर गुण पडले तरच सर तिचे नाव पाठवणार होते. नाहीतर क्लास बंद, असे वडिलांनी बजावले होते.

सोमवारी ती माईकपुढे म्हणाली, "मे आय हेल्प यू?" गुण अडतीस. ती आणखी मोठ्याने म्हणाली. एकतीस!

"सर, आणि किती वरडू? ह्याला ऐकूच येत न्हाय की!"

"ऐकू येतंय गं. सगळे शब्द एकाच पट्टीत ठोकतीस तू," सर म्हणाले आणि जेवायला गेले.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कोणालाच सत्तर पडू नयेत, म्हणजे हा जाईल अडगळीत! तेवढ्यात तिचे भरलेले डोळे दिसले आणि मला माझीच लाज वाटली.

तिने मला खाली उतरवले, ओढणीने पुसले, कोरी कॅसेट घातली. तेच वाक्य भरले आणि ऐकले.

"अगं बाई! मी मदत करतीया का भांडतीया?" ती हसतच सुटली.

मग रोज दुपारी ती वाक्य भरायची, ऐकायची, आधीचे न पुसता त्याच्यापुढे पुन्हा भरायची. हळूहळू 'हेल्प' तेवढा वर उचलला जाऊ लागला, बाकीचे शब्द नरमले. शनिवारी संगणकाने चौऱ्याहत्तर गुण दिले.

पेढा कोणापुढे ठेवला? संगणकापुढे! "मशीननं पोरीचं भलं केलं," असे सर म्हणाले. खंडेनवमीची माळही त्यालाच.

सौंदर्या पुण्याला गेली. माझा हेवा काही गेलेला नाही, खोटे कशाला बोलू? पण मित्रांनो, एक विनंती आहे. जुन्या यंत्रातले सेल तेवढे काढून ठेवत जा. ते पाझरले की आम्ही कायमचे मुके होतो. माझ्यात अजून तिची कॅसेट आहे. पहिल्या दिवशीची ती भांडणारी सौंदर्या मला एकदा तिलाच ऐकवायची आहे.