ताईच्या तोंडचं वाक्य

आमच्या संस्थेत जगाच्या भानगडी शिकवतात. सीमावाद, तह, निर्बंध, सगळं. पदवी झालेली पोरं इथे दोन वर्षं घासतात आणि मग कुठल्या तरी वकिलातीत चिकटतात. मी त्यातलं काही शिकवत नाही. मी संस्थेचं ‘बातम्या आणि घडामोडी’ हे पत्रक काढते. दर महिन्याला आठ पानं, गेली अठरा वर्षं. कोणाला बढती मिळाली, कोण माजी राजदूत बोलून गेला, कुठल्या विद्यापीठाशी करार झाला. करार झाला म्हणजे फोटो झाला. पुढचं कोणी विचारत नाही.

प्रत्येक बातमीत त्या त्या माणसाचं एक वाक्य लागतं. ती वाक्यं माणसं बोलत नाहीत, मी लिहिते. लिहून त्यांना पाठवायची, त्यांचं ‘ठीक’ आलं की छापायची. एवढ्या वर्षांत मी निम्म्या संस्थेला आनंद, अभिमान आणि कृतज्ञता वाटायला लावली आहे. मला स्वतःला यातलं काय आणि कधी वाटलं, ते मात्र आठवत नाही.

माझी ताई याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. डोंगरापलीकडच्या एका छोट्या देशाची भाषा सत्तावीस वर्षं शिकवतेय. यंदा दोनच विद्यार्थी आले, म्हणून संचालकांनी तिचा वर्ग बंद करायचं ठरवलं. ताईने रीतसर अर्ज केला: निदान माझं म्हणणं ऐकून घ्या. त्यासाठी शुक्रवारी समिती बसणार होती.

बुधवारी सकाळी संचालकांनी मला बोलावलं. शांतता-चर्चा हा त्यांचा विषय. शिपायांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे मागे त्यांना ‘शांतिदूत’ म्हणतात.

“समितीपुढे ताणाताणी कशाला?” ते म्हणाले. “त्या स्वतःहून थांबताहेत, अशी छान बातमी करा. त्यांचं लेखी ‘ठीक’ आलं की समिती बसवायचं कारणच उरत नाही.”

“आणि त्या नाही म्हणाल्या तर?”

“मग समिती आहेच की. पण तुमच्या बहीणच त्या, समजून घेतील.” मग कागदांवर सह्या करता करता म्हणाले, “तुमचं कंत्राटही याच महिन्यात नवं करायचंय, नाही का?”

मी लिहिलं. वाईट याचंच वाटतं की वाक्य झकास उतरलं: ‘इतकी वर्षं शिकवलं, आता थोडं स्वतःसाठी शिकावं म्हणते.’ हुबेहूब ताई. नेहमीसारखंच पाठवून दिलं, वर एक ओळ न लिहिता. मनात हिशेब असा, की ती तरातरा जिना उतरून येईल, माझी खरडपट्टी काढेल, आणि मग मी संचालकांना सांगेन, नाही म्हणतात हो. म्हणजे नाही म्हणायचं काम तिच्या गळ्यात घालून मी मोकळी.

पाच मिनिटांत उत्तर आलं. ‘ठीक.’

न वाचताच लिहिलंय, मी ओळखलं. माझं म्हटलं की ती डोळे मिटून मान डोलावते. एक फोन केला असता तर काम झालं असतं. म्हटलं, जेवण झाल्यावर करू. जेवणानंतर कळलं, एका राजदूताच्या फोटोखाली दुसऱ्याच देशाचं नाव पडलंय. ते निस्तरेपर्यंत तीन वाजले. संचालकांचा शिपाई दोनदा डोकावून गेला. कंत्राटाची भीती होती का? होती, पण तेवढी नाही. मला फक्त कंटाळा आला होता. ताईला काय सांगायचं, मग साहेबांना काय सांगायचं, मग पान पुन्हा कसं लावायचं. नेहमीच्या वेळेला, चार वाजता, मी पत्रक छपाईला आणि ताईचं ‘ठीक’ साहेबांकडे पाठवून दिलं आणि लाज वाटावी इतकं हलकं वाटलं.

शुक्रवारी समिती बसली नाही. दुपारी मी दुसऱ्या मजल्यावर गेले. ताई स्टुलावर चढून भिंतीवरचा नकाशा काढत होती.

“ताई, तू न वाचता ठीक लिहिलंस ना? मी जाऊन सांगते त्यांना, चूक झाली म्हणून.”

“वाचलं की,” ती म्हणाली. “दोनदा. छान लिहिलंयस.”

“मग ठीक का म्हणालीस?”

ती खाली उतरली. नकाशाची गुंडाळी करत राहिली.

“एकटीने भांडायचा कंटाळा आला होता गं. वाटलं, एक जण तरी म्हणेल, ‘हे काय ताई, तू आणि थांबतेस?’ मग गेले असते शुक्रवारी. म्हटलं, माझं ‘ठीक’ बघून तू तरी फोन करशील.” तिने गुंडाळीला रबर लावलं. “बुधवारी चार वाजेपर्यंत फोन पुढ्यात घेऊन बसले. दोन्ही पोरं वह्या उघडून तयार होती. त्यांना म्हटलं, आज तास नाही, घरून फोन यायचाय.”