एकेचाळीस नंबरचा फोटो

माझ्या पीएच.डी.ला तेव्हा अकरावं वर्ष लागलं होतं. एवढ्या काळात माझ्यासोबतच्या मुलींची पोरं पाचवी-सहावीत गेली, आणि मी अजून भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होते, मोहाडीहून रोज एसटीने ये-जा करत होते. कोणी विचारलं, झालं का, तर मी म्हणायची, होत आलं. पुढे पुढे विचारणारेच कंटाळले.

माझा विषय होता फार लांबच्या, अंधुक आकाशगंगांचे फोटो साफ करणं. दुर्बीण मी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, फोटो तेवढे संगणकावर यायचे. पद्धत तशी सोपी आहे. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसली असेल तर तिचा डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो. आकाश बदलतं, डाग बदलत नाही. म्हणून शेकडो फोटो एकमेकांवर ठेवायचे, आणि जे सगळ्यांत एकाच जागी दिसेल ते यंत्राचा मळ समजून पुसून टाकायचं. मी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. तो चांगला होता, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं तेवढं एकच होतं.

नवव्या वर्षी आमच्या गाइड सरांना एक प्रकल्प मिळाला. वर कोणाला तरी खगोलशास्त्र, एक्स-रे आणि मानवी हक्कांचा कायदा अशी तीन खाती एका दावणीला बांधायची हौस आली होती. विणकरांच्या फुप्फुसांचा अभ्यास करायचा, स्वस्त मशीनवर निघालेले अंधुक फोटो माझ्या प्रोग्रामने साफ करायचे, आणि ज्यांचे फोटो काढले त्यांच्या हक्कांचं काय, हे कायद्याच्या माणसाने पाहायचं. आम्हाला गावांची यादी मिळाली तीसुद्धा भंडारा जिल्हा फुटायच्या आधीची. तिच्यातली अर्धी गावं गोंदियात जाऊन जमाना झाला होता. ती खोडण्यातच आमचा पहिला महिना गेला.

मी हो म्हटलं ते बाबांमुळे. माझे बाबा, भैय्यालाल, मोहाडीत पन्नास वर्षं कोशाचं रेशमी कापड विणतात आणि गेली वीस वर्षं खोकतात. मला वाटलं, आकाशगंगांनी नोकरी दिली नाही ती नाही, निदान बाबांच्या छातीत काय आहे ते तरी कळेल. शेजारी ठेवून पाहायला ज्यांच्या छातीत सूत जात नाही अशी माणसं हवी होती. म्हणून कोंढ्याच्या पुढचं एक तळ्याकाठचं गाव घेतलं, सगळी मासेमारी करणारी घरं. त्यांना आम्ही कागदावर 'निरोगी गट' म्हणायचो. खरं सांगायचं तर त्यांच्या फोटोंकडे आम्ही कोणी नीट पाहिलंच नाही.

कायद्याची बाजू मोनिकाकडे होती. ती जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, कागदाला फार पक्की. तिने फॉर्म केला आणि गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात स्वतः वाचून दाखवला. तुमचं नाव फोटोला जोडलं जाणार नाही, फक्त नंबर राहील. नावांची यादी काम संपल्यावर नष्ट केली जाईल. निष्कर्ष एकेकाला कळवले जाणार नाहीत. बायकांनी मान डोलावली आणि अंगठे दिले. काम संपल्यावर मोनिकाने ती यादी कॉलेजच्या मागे माळ्याने जमवलेल्या पाल्यात जाळली. मीच काडी ओढली होती.

दोन वर्षांनी माझा प्रबंध परीक्षकांकडे गेला. त्यांतल्या एकाने लिहिलं की साफ न केलेले कोणतेही दहा फोटो पाठवा. चांगला माणूस असावा. मी कंटाळत कंटाळत जुनी फाइल उघडली. कोळी बायांचे चार-पाच फोटो उघडले आणि माझा हात माऊसवरच थांबला. प्रत्येकीच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, मण्यांची एक जुडी होती.

मग आठवलं. त्या दिवशी फोटो काढणाऱ्याने बायांना गळ्यातलं काढायला सांगितलं होतं, आणि एकीनेही काढलं नव्हतं. घरचा माणूस पाण्यावर असेल तोवर त्या घरातली बाई गळ्यातली काळी पोत काढत नाही. आणि सकाळच्या वेळी गावातले सगळे पुरुष तळ्यावरच होते. बायांनी मुकाट्याने पोत मागे पाठीवर सारली. फोटोवाल्याला जेवणाआधी चौसष्ट जणी उरकायच्या होत्या, त्याने काही वाद घातला नाही. मी तिथेच खुर्चीवर बसून नंबर लिहीत होते.

चौसष्ट बायांच्या पाठीवर एकाच जागी एकच वस्तू. हाडं ओळखून सोडायला शिकवलेल्या माझ्या प्रोग्रामने तिला काचेवरची धूळ समजून पुसलं. नुसते मणी पुसले असते तर बिघडलं नसतं, पण त्याने तेवढा पट्टाच सपाट केला होता. एकेचाळीस नंबरच्या मूळ फोटोत मण्यांच्या शेजारी, कण्याच्या थोडा उजवीकडे, हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक पांढरा डाग होता. साफ केलेल्या फोटोत तिथे काहीच नव्हतं. प्रकल्पाच्या डॉक्टरांनी वाचला होता तो साफ केलेला. मी त्यांना मूळ फोटो पाठवला, तर तासाभरात त्यांचा उलट प्रश्न आला की ही पेशंट कुठे आहे, दोन वर्षं काय करत होती.

मला त्या वेळी रडू आलं नाही, फक्त फार थकल्यासारखं झालं. मी सरांना फोन केला. सर म्हणाले, यादी जळाली आहे, आता कोण ते कळणं शक्य नाही, तुझी तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, ती होऊ दे, मग पाहू. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. तेही निवृत्तीला आले होते आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी होते. मी परीक्षकांना खरं काय ते लिहून टाकलं, दहाऐवजी चौसष्टही फोटो पाठवले, आणि तेव्हापासून सर माझा फोन उचलत नाहीत.

मोनिकाकडे गेले तेव्हा ती आधी चिडली. नंबरवरून बाई शोधणं म्हणजे लिहून दिलेला शब्द मोडणं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, मग चौसष्टही जणींना बोलावून पुन्हा फोटो काढू. तिला माहीत होतं की मशीन परत गेलं आहे आणि प्रकल्प बंद झाला आहे. तिने तो फॉर्म काढला, पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"नाव बाहेर जाऊ नये एवढंच पाहिलं मी," ती म्हणाली. "त्या बाईला कोण सांगणार, हे कुठेच लिहिलं नाही. जा तू."

जाऊन शोधणार कशावरून, हा प्रश्न होताच. मूळ फोटोत पोतीच्या मण्यांमध्ये एक सेफ्टी पिन होती आणि एक बारीक गोल कडं. पिना तर अर्ध्या बायांच्या पोतीत होत्या, कडं मात्र त्या एकीच्याच. मी तो नळाचा वायसर समजत होते. रविवारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, तर बाबा मागाच्या खड्ड्यातून उठून आले, खोकले, आणि चष्मा वर करून पाहिलं.

"हा भोकाचा पैसा होय," बाबा म्हणाले. "इंग्रजाच्या टाइमचा. माह्या आजीच्या पोतीत होता असाच."

अकरा वर्षं मी फोटो वाचायला शिकत होते. बाबांना एक मिनिट पुरलं, आणि मला त्याचा रागही आला आणि हायसंही वाटलं.

सोमवारी मी कॉलेजात रजा टाकली आणि पवनीची एसटी धरली. कोंढ्याला उतरून पुढे ऑटोने गेले. गावात शिरल्यापासून मी बायांच्या गळ्यांकडे पाहत होते, आणि माझीच मला लाज वाटत होती. तळ्याच्या मातीच्या पाळीवर चार जणी जाळी झटकत होत्या. त्यातल्या सगळ्यात लहान मुलीच्या पोतीत तो पैसा लोंबत होता. बावीस-तेवीस वर्षांची असेल, नाव रीना. पोटावरून सातवा महिना दिसत होता. मी पाळीवर बसले आणि तिला विचारलं की दोन वर्षांपूर्वी शाळेत छातीचा फोटो काढला होता का.

ती म्हणाली की तेव्हा ती या गावात नव्हतीच, मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन आली. मग मी त्या पैशाबद्दल विचारलं.

"सासूबाईनं देल्ला," तिने पैसा चिमटीत धरून दाखवला. "आमच्या घरी सून आली का सासू आपल्या पोतीतला काहाडून तिच्या पोतीत ओवते. त्याईले त्याईच्या सासूनं देल्ला होता."

सासू घरी होती. तिचं नाव रेवताबाई. पन्नाशीची, काटक बाई, ओसरीवर तांदूळ निवडत होती. गळ्यात पोत होती, पैसा नव्हता. ती दर दोन दाण्यांमागे खोकायची आणि खोकून झाल्यावर पदराने तोंड पुसून पदर घाईने मुठीत घ्यायची. तिचा नवरा बुधराम खाटेवर बसून जाळं शिवत होता. मी आपण कोण ते सांगितलं. त्याने लगेच मला सांगायला सुरुवात केली की वर्षभर तो तिला दवाखान्यात चल म्हणतो आहे आणि ती ऐकत नाही. बाईने त्याला हाताने गप्प केलं.

"कायले जाऊ दवाखान्यात?" ती मला म्हणाली. "तुमी फोटो काहाडला होता न. लय दिवस वाट पाह्यली. तुमी कोनी आल्या नाही. म्हटलं, खराब निंगालं असतं त आल्या असत्या."

निष्कर्ष एकेकाला कळवले जाणार नाहीत, हे वाक्य व्हरांड्यात वाचलं गेलं तेव्हा मी होते आणि तीही होती. मला ते एक कलम वाटलं होतं. तिने सरळ माणसासारखा अर्थ लावला होता, की वाईट काही असेल तर शिकलेल्या बाया येऊन सांगतीलच. त्या भरवशावर ती दोन वर्षं खोकली. मी तिला त्या वेळी खरं सांगायला हवं होतं. माझ्याने ते झालं नाही. फोटो पुन्हा काढावा लागेल, मशीनमध्ये चूक होती, असं मी म्हणाले. ती उद्या येते म्हणाली आणि मला वाळवलेल्या मासोळ्यांची मुठीएवढी पुरचुंडी दिली. ती मी घेतली.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात आम्ही तिघं रांगेत होतो. बुधराम बाकावर बसला, मी तिच्याबरोबर आत गेले. फोटो काढणाऱ्याने वहीत तिचं पूर्ण नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, आणि तिला गळ्यातलं काढायला सांगितलं. मी त्याला अडवणार होते. पण रेवताबाईने दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं.

"ते त भाएर बसून हायेत," ती म्हणाली. "पान्यावर नाही गेले आज."

तिने पोत काढून माझ्या हातात दिली. दोन वर्षांपूर्वी आम्ही सकाळऐवजी दुपारी गेलो असतो, पुरुष घरी आल्यावर, तर चौसष्ट जणींनी अशीच काढून दिली असती. हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही, आणि माझे बाबा त्याच जिल्ह्यात जन्मलेले.

फोटो पडद्यावर आला. कोणी काही साफ केलं नव्हतं आणि करायची गरजही नव्हती. त्याच जागी डाग होता, आता लिंबाएवढा. डॉक्टरांनी नागपूरची चिठ्ठी लिहिली, जरा उशीर झाला असं म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. रेवताबाई पडद्याकडे पाहत उभी राहिली. तिला फोटो वाचता येत नव्हता, पण डॉक्टरांचं बोट कुठे टेकलं होतं ते तिने पाहिलं होतं.

"तवा पन होता का हा?" तिने विचारलं.

"होता," मी म्हणाले. "मशीनची चूक नव्हती, मावशी. मी पुसला. तुमच्या पोतीसोबत पुसला, आणि मला कळलंही नाही."

ती पुन्हा पडद्याकडे वळली. बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं.

"केवढा होता?"

मी करंगळीचं नख दाखवलं. तिने माझं बोट धरलं, नख जवळ घेऊन पाहिलं आणि सोडून दिलं. मग हात पुढे केला. मी पोत दिली. ती तिने गळ्यात घातली, मणी पुढे आणले, पदर नीट केला.

"यायले तुमी सांगा," ती दाराबाहेर बोट करून म्हणाली. "मी नाही सांगत. आन् केवढा होता ते बी सांगजा."

मी बाहेर आले. बुधराम बाकावर जरा सरकला आणि त्याने माझ्यासाठी जागा केली.