काचेखालचा कागद

"काका, हा आजार विम्यात बसत नाही." खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. "मानसिक काहीही असलं तरी नाहीच."

काकांनी आधी नीट श्वास घेतला. सहा मजले जिना चढून आले होते ते. लिफ्ट चालू होती. तिच्या दाराचा आवाज ऐकूनच एक रोलर झिजलाय हे त्यांना तळमजल्यावर कळलं होतं. कळणारच. सव्वीस वर्षं त्यांनी लिफ्टच दुरुस्त केल्या होत्या. पण गेल्या आठ महिन्यांत ते एकाही लिफ्टमध्ये चढले नव्हते.

"मी काय सांगत होतो, भाऊजी?" मेहुणा कानाशी आला. "माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत. ताप आणि अशक्तपणा लिहून देतील. पंधरा दिवस ताप कुणाला येत नाही का? हे असलं नाव कागदावर आलं की कायमचं चिकटतं. कंपनी परत कामावर तरी घेईल का?"

"ताप आला नव्हता मला."

"अहो, कागदावर हो!"

"कागदावरच म्हणतोय मी."

कागदावरचं खोटं म्हणजे काय असतं, हे काकांना कुणी सांगायला नको होतं. प्रत्येक लिफ्टच्या मशीनच्या खोलीत एक कार्ड टांगलेलं असतं. तारीख, काय बिघडलं, काय केलं आणि सही. पुढचा माणूस त्या कार्डावर भरवसा ठेवून यंत्रात हात घालतो. आठ महिन्यांपूर्वी एका कार्डावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं, 'ब्रेक बदलला, ठीक आहे.' ब्रेक बदललेला नव्हता. अठरा वर्षं काकांबरोबर काम केलेल्या जोडीदाराने ते कार्ड वाचलं आणि तो लिफ्टच्या टपावर उतरला. तो जिवंत परत आला नाही.

त्यानंतर उघड्या दारासमोर काकांचं पाऊल उचलेना. मग झोप गेली, जेवण गेलं. एक दिवस ते अंथरुणातून उठलेच नाहीत, तेव्हा बायकोने त्यांना इस्पितळात नेलं. पंधरा दिवस तिथे काढले. आता दर गुरुवारी डॉक्टरांकडे जाऊन बोलायचं होतं. बोलून हळूहळू फरक पडत होता. परवा त्यांनी दोन पोळ्या मागून घेतल्या होत्या. पण विमा मिळाला नाही तर ते गुरुवार बंद होणार होते. घरात तेवढी ऐपतच नव्हती.

काकांनी पिशवीतून विम्याची पुस्तिका काढली. चार संध्याकाळी पट्टी धरून, एकेक ओळ करत त्यांनी ती वाचली होती. विजेच्या जोडणीचा नकाशाही ते असाच वाचत.

"बाई, हे अकरावं पान. काय बसत नाही, त्याची यादी. बावीस गोष्टी आहेत. चष्मा आहे, दातांची कवळी आहे. माझा आजार कुठे आहे, तेवढा दाखवा."

बाईंनी यादीकडे पाहिलंच नाही. टेबलावरच्या काचेखाली एक पिवळट कागद होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. "ही बघा आमची यादी. नऊ नंबर. मानसिक आजार."

"कोणत्या सालची?"

"म्हणजे?"

"फोन जरा बाजूला घ्या. खाली तारीख असेल."

बाईंनी फोन उचलला. कागद सहा वर्षांपूर्वीचा होता. काकांनी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचं साल दाखवलं, गेल्याच वर्षीचं. मग पाचवं पान उघडलं. मानसिक आजारासाठी दाखल व्हावं लागलं तर तो इतर आजारांसारखाच धरला जाईल, दाखल असतानाचा आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांचा खर्च मिळेल, असं तिथे सरळ लिहिलं होतं.

"आमच्यात नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो," काका सावकाश म्हणाले. "मोटर नवी आणि नकाशा जुना असेल, तर आधी नकाशा बदला. नाहीतर शॉक बसतो."

"मला साहेबांना विचारावं लागेल."

"विचारा. मी थांबतो. आणि साहेब नाही म्हणाले तर तेही लिहून द्या. कोणत्या कलमाने नाही, ते लिहा आणि खाली सही करा. तोंडी 'नाही' घेऊन मी सहा मजले उतरणार नाही."

बाई पुस्तिका घेऊन आत गेल्या. मागच्या रांगेत कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "वेड्यांचाही विमा असतो होय!" दोघं-तिघं हसले. मेहुण्याने मान खाली घातली.

काका वळले. "असतो. पान पाच. तुमच्याही पुस्तिकेत आहे. वाचून ठेवा."

हसणं थांबलं. मागच्या बाकावर पर्स पोटाशी धरून बसलेली बायको उठली आणि येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

बाई परतल्या त्या बऱ्याच वेळाने. फॉर्म घेतला, शिक्का मारला, पोच दिली. "मंजुरी वरून येईल, महिना लागेल. पण नाकारणार नाहीत असं वाटतं." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोचेवर आजाराचं नाव आहे, काका. घडी घालून देऊ का? बाहेर सगळी माणसं आहेत."

"नको. सरळच असू द्या."

'नैराश्य' हा शब्द दिसेल अशी पोच त्यांनी बायकोच्या हातात दिली. ते मात्र खिडकीपासून हलले नाहीत.

"आता काय राहिलं?" मेहुणा कुजबुजला.

"बाई, तो कागद काढा."

बाईंनी काचेखाली पाहिलं. "किती जणांना परत पाठवलं असेल मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी काचेच्या कडेला नखं लावली. काच हलेना. सहा वर्षांच्या चहाच्या डागांनी ती टेबलाला चिकटून बसली होती.

काकांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. छोटा पेचकस तिथेच होता. आठ महिने शर्ट बदलला की तोही नव्या शर्टाच्या खिशात जात होता, पण कामासाठी एकदाही बाहेर आला नव्हता. त्यांनी खिडकीतून हात आत घातला, काचेच्या कोपऱ्याखाली पेचकसाचं टोक सरकवलं आणि थोडं थोडं उचलायला लागले. बायको त्या पेचकसाकडे बघत होती.

काच तडकली नाही. कागद निघाला, आणि त्याच्याखालचं टेबल नव्यासारखं निघालं.

काकांनी पेचकस शर्टाला पुसून खिशात ठेवला. ते बाहेर आले तेव्हा लिफ्टचं दार उघडलं होतं, आतला माणूस त्यांच्यासाठी थांबला होता. बायकोने एकदा तिकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि जिन्याचा कठडा धरला.