चार बोटं खोल

आमच्या डोंगरात कुणी रोप दिलं तर घेणाऱ्यानं आभार मानायचे नसतात. मानले की रोप मरतं. माझी सून कॉलीन ओहायोच्या सपाटीवरची, तिला हे मीच शिकवलं. हे एक खरं शिकवलं. दुसरं शिकवलं ते मुद्दाम खोटं.

तिची ऑड्रा, म्हणजे माझी नात, ऑगस्टमध्ये अकरा दिवसांची होऊन गेली. डॉक्टर म्हणाले, काळीज जन्मतःच कमजोर होतं. मी म्हणाले, हिच्या हातालाच गुण नाही. भांडी विसळता विसळता तिच्या तोंडावर म्हणाले. ती ताटं पुसत राहिली, याचाही मला रागच आला.

सप्टेंबरात ती गुडघे मातीनं भरवून माझ्या दारात आली. हातात पाइनच्या झाडांच्या डोंगरधारेवरून उपटलेलं फुलझाडाचं रोप.

"आई, तुमच्या उतारावरचा छोटा आयरिस तो हाच ना? ऑड्राच्या कबरीवर लावते."

"डोळे आहेत का बटणं? याचं पान बघ, गवतासारखं अरुंद आणि ताठ. हा पाइनखालचा. याच्या फुलाला तुरा नसतो, नुसता केशरी पट्टा. आपला तुऱ्याचा. त्याचं पान रुंद, कोयत्यासारखं वाकलेलं."

"मग तुमच्यातला द्याल थोडा? पांढरा?"

पांढरा अख्ख्या खोऱ्यात माझ्याकडेच होता. बाकी सगळ्यांचा निळा. नवऱ्याच्या कबरीवर मीच तो लावला होता. मे महिन्यात कबरी सजवायच्या रविवारी लोक तिथं थांबून बघत. तोच मान हिच्या हातून दुसऱ्या कबरीवर जावा, हे मला सोसेना. शिवाय ती रडली की माझा मुलगा हार्लन तिच्याभोवती घुटमळायचा. माझा नवरा गेला तेव्हा माझ्याभोवती कुणी घुटमळलं नव्हतं.

तरी पाच कंद दिले. नाही म्हटलं असतं तर गावानं मला नावं ठेवली असती.

हा कंद मातीवर आडवा ठेवायचा असतो, पाठ उघडी. खाली मुळं मातीत, वर चार वाळकी पानं, बस्स. पुरला की कुजतो. मी म्हणाले, "चार बोटं खोल पूर. वरून माती घट्ट दाब, थंडी लागता कामा नये."

तिनं आभार मानायला तोंड उघडलं आणि चटकन तोंडावर हात ठेवला. "बघा, विसरले नाही मी," म्हणाली आणि बाळ गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

हिवाळाभर दर रविवारी ती कबरीवरचा पाचोळा वेचायला जायची. मे आला. सगळं खोरं कबरस्तानात जमलं. झाडाखालच्या टेबलांवर मक्याची भाकरी, शेंगा, तळलेली कोंबडी. माझ्या नवऱ्याची कबर पांढरीशुभ्र. ऑड्राच्या कबरीचा ढिगारा उघडाबोडका.

नणंद कॉर्डी म्हणाली, "काय गं ऑर्फा, सुनेचं काहीच उगवलं नाही?"

"हाताला गुण लागतो," मी म्हणाले. कॉलीन मागेच उभी होती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली,

"आई, माझंच चुकलं. तुमच्या पायऱ्या उतरताना मी मनात थँक्यू म्हणाले होते. मनातलंही धरतात का हो?"

तेव्हा एक खरा शब्द बोलले असते तरी भागलं असतं.

"धरतात," मी म्हणाले.

हार्लन ढिगाऱ्यापाशी बसला होता. त्यानं माती उकरली आणि काळा, पिचपिचीत कंद वर काढला. लहानपणी माझ्यासोबत त्यानं असे शेकडो कंद लावले होते. "एवढं खोल कुणी सांगितलं?"

"आईंनी. थंडी लागू नये म्हणून," कॉलीन म्हणाली. अगदी कौतुकानं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग गाडीतून फावडं आणलं, बापाच्या कबरीवरची पांढऱ्या फुलांची चादर कंदांसकट उचलली आणि लेकीच्या कबरीवर पसरली. प्रत्येक कंदाची पाठ उघडी ठेवून. सगळं खोरं बघत होतं. कुणी त्याला अडवलं नाही.

"अरे, आईंना विचारलंस का?" कॉलीन कासावीस झाली.

"चोरलेलं रोप सगळ्यात चांगलं धरतं," तो म्हणाला.

जूनमध्ये दोघं ओहायोला राहायला गेली. बायकोला त्यानं खरं सांगितलं नाही. आपली आई अशी आहे हे सांगायची लाज वाटली असेल. तो मला फोन करत नाही. कॉलीन मात्र दर मे महिन्यात कार्ड पाठवते. एकच प्रश्न असतो: आई, ऑड्राची फुलं आली का?

यंदा मी स्वतः जाऊन पाहिलं. कबरीवर बोट ठेवायला जागा नाही, सगळं पांढरं. वारा आला की सगळी फुलं एकदम हलतात. घरी आले, चष्मा लावला आणि कार्डावर नेहमीचं उत्तर लिहिलं.

एकही आलं नाही.