तीस किलोची चिल्लर

बुधवारी सकाळी ज्वारी दळता दळता गिरणीच्या मोटरीनं अंग टाकलं. आधी करपट वास आला, मग पट्टा कुथला आणि जातं जागच्या जागी थांबलं. जयसिंगानं खटका पाडला, मोटरीवर हात ठेवला न ठेवला तोच मागं घेतला. "जळली," एवढंच तो म्हणाला. दारात अकरा डबे रांगेत होते. त्याच्या बायकोनं, सोजरबाईनं, तोंडावरचं पीठ पदरानं पुसलं आणि ज्यांना घाई होती त्यांचे डबे परत केले.

गाव खडकवासल्याच्या रस्त्यावरचं, आता महापालिकेत गेलेलं. भावकीची शेतं एकेक करून इमारतींच्या पोटात गेली. या दोघांकडं राहिली होती गिरणीपुरती जागा आणि गिरणी.

बिबवेवाडीच्या मोटरवाल्या राकेशकडं एक जुनी मोटर होती, अठरा हजाराला. पैसे नव्हते असं नाही. तेलाच्या तीन डब्यांत भरून ठेवले होते, पण सगळी चिल्लर. इमारतीतले लोक वाण्याला फोनवरून पैसे देत, दळणाला मात्र घरातली नाणी वेचून आणत. सोजरबाई कुणाला नको म्हणायची नाही. डोक्यावर दळण घेऊन आलेल्या बाईला सुट्ट्यापायी परत कसं धाडायचं, असं तिचं म्हणणं. वाणी पन्नास-शंभराची नाणी घ्यायचा, त्यापुढं नाही. राकेशनं तर सांगूनच टाकलं, नोटा आणा नाहीतर खात्यावर टाका, मोजत बसायला माझ्याकडं माणूस नाही.

नाणी पोत्यात ओतली तर तीस किलो भरली. जयसिंगाला अंतर्गळ, म्हणजे हर्निया होता, कमरेला पट्टा आवळून हिंडायचा. दोन खेपा करू, असं सोजरबाई म्हणत होती. दोनदा भाडं कोण देणार म्हणून त्यानं पोतं एकट्यानंच खांद्यावर घेतलं.

बँकेत काचेपलीकडं शेफाली नावाची तरुण रोखपाल होती. तिनं पोत्याकडं पाहिलं, मग जयसिंगाकडं.

"आजोबा, ही बँक आहे, भुसार बाजार नाही. एका खात्यावर दिवसाला शंभर रुपयांचीच नाणी घेतो आम्ही."

अठरा हजाराला एकशेऐंशी दिवस. त्यात सुट्ट्या वेगळ्याच. जयसिंगानं साहेबांना भेटू द्या म्हणून विनवलं. तासाभरानं साहेब बाहेर आले, ठेवायला जागा नाही आणि मोजायला माणसं नाहीत म्हणाले आणि जेवायला निघून गेले. शंभर रुपये भरून, पावती खिशात घालून दोघं उन्हात आली. वैशाखाचं ऊन, खणलेल्या रस्त्याची धूळ नाकातोंडात जात होती. रिक्षा परवडणार नव्हती. बस आली तेव्हा जयसिंगानं पोतं पायरीवर चढवलं आणि तसाच खाली बसला. तोंड राखेगत झालं. सोजरबाईला कळेना आधी काय धरावं, नवऱ्याला की पोत्याला. तिनं दोन्ही धरलं.

सरकारी दवाखान्यात सांगितलं, आतडं अडकलंय. त्याच दुपारी पोट फाडावं लागलं. जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, यापुढं पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही. अठरा दिवस पोतं त्याच्या खाटेखाली पडून होतं. सोजरबाई जमिनीवर झोपायची, पाय पोत्याला टेकवून.

घरी आल्यावर जयसिंग भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला. इकडं गिऱ्हाईक पांगलं. कुणी पलीकडच्या गिरणीत जाऊ लागलं, इमारतीत तर पाच-सहा जणींनी घरघंटी आणली.

औषधापाण्याला खात्यावरचे उरलेसुरले पैसे काढायला सोजरबाई बँकेत गेली तेव्हा दारावर कागद लावलेला दिसला. तिनं अक्षर लावून लावून वाचलं. शुक्रवारी नाणे मेळावा, व्यापाऱ्यांना सुटी नाणी मिळतील. तिनं ते पुन्हा वाचलं.

जयसिंगाला सांगितलं तर तो म्हणाला, "त्येंच्या दारात परत जाऊ नगंस."

"त्येंच्या दारात न्हाय जात. दाराभाईर बसते."

शुक्रवारी तिनं नाणी चार पिशव्यांत वाटली, रिक्षात घातली आणि बँकेच्या फाटकाबाहेर पोतं अंथरून बसली. वाणी, हॉटेलवाले, भाजीवाले यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. ती कुणाला हाका मारत नव्हती. नाण्यांचे दहा-दहाचे ढीग लावत होती. पहिल्यांदा एक हॉटेलवाला रांग सोडून आला, पाचशेची नोट देऊन पाचशेची नाणी मोजून घेऊन गेला. मग बाकीचे आले. दुपारपर्यंत तीन पिशव्या रिकाम्या झाल्या.

मग पहारेकरी आला आणि त्याच्या मागून शेफाली. सोजरबाईनं उरलेली पिशवी मांडीखाली ओढली.

शेफाली जरा खाली वाकली. "आजी, आतली नाणी संपली. लोक ओरडताहेत. साहेब विचारतात, उरलेली आम्हाला द्याल का?"

"दिसाला शंभरचीच घेता ना?"

आजोबा दिसत नाहीत, कसे आहेत, असं शेफालीनं हळूच विचारलं. सोजरबाई म्हणाली, "हायती," आणि पिशवी पुढं सरकवली. चार हजार दोनशे निघाले. मोजायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

सोमवारी राकेशची मोटर गिरणीत बसवली. पूर्वी दिवसाला तीस डबे यायचे, त्या दिवशी चार आले. जातं फिरू लागल्याचा आवाज ऐकून जयसिंग खाटेवरून उठला, भिंत धरत धरत गिरणीत आला आणि सवयीनं पहिल्या डब्याला हात घातला. सोजरबाईनं त्याचा हात धरून बाजूला केला. डबा स्वतः उचलला, छातीशी घेतला, जात्याच्या तोंडात ओतला. एक दाणा सांडला नाही.

"उचलायचं माझ्याकडं," ती म्हणाली. "तुमी निसतं जाड का बारीक ते सांगा."

तो स्टूल ओढून बसला, पडत्या पिठाखाली हात धरला आणि चिमूट बोटांत चोळली.

"जाड येतंय," तो म्हणाला. "जातं जरा आवळ."