बिबड्यांमधले सेल

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चौथीतही जमलं नव्हतं. चुका पोटात घालाव्यात.

माझे मालक डोळ्यांपुढे येतात ते चैत्राच्या उन्हातच. पिंप्राळ्याच्या गच्चीवर मी ज्वारीच्या बिबड्या, पापडासारख्या, वाळत घातलेल्या, आणि त्यांच्याच ओळीत यांनी मांडलेले गिटारच्या पेडलांचे संपलेले चौकोनी सेल. ऊन खाल्लं की सेलात थोडा जीव येतो म्हणायचे. संध्याकाळी एकेक जिभेला लावून बघत. जीभ चुरचुरली की डोळे मिटून हसत, नाही चुरचुरली तर सेल ओंजळीत धरून बसत, आजारी पाखरू धरावं तसा.

पेडलं दोन, पायाने दाबायची. एकाने सूर खरखरीत व्हायचा, दुसऱ्याने तोच सूर विहिरीतून परत आल्यासारखा यायचा. ती घ्यायला दोंडाईच्याच्या माझ्या दादाने पैसे दिले होते, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत करायच्या बोलीवर. ऑर्केस्ट्रात कायमची जागा मिळाली की ते फिटणार होते. पण सेल एका कार्यक्रमात बसायचे, म्हणून यांनी सेलांऐवजी विजेवर चालणारी डबी आणली, एलिमिनेटर म्हणतात तो, आणि त्याच्यासोबत घरात एक घुरघुर शिरली.

सुरामागे ती सतत, जात्यासारखी. यांनी रेडिओचा एलिमिनेटर बदलून जड आणला, मग एका मेकॅनिककडून खास बनवून घेतला. प्रत्येक दुकानदार म्हणे हाच चांगला, आणि घुरघुर तीच. ऑर्केस्ट्राचे नाना भर मांडवात म्हणाले, "मास्टर, गिटार वाजवता का गिरणी चालवता?" सगळे हसले. घरी हे जेवले नाहीत, डबी उघडून बसले. "बठ्ठा घोळ याच डबामा शे," सगळा दोष डबीवर टाकत एवढंच पुटपुटले. मला त्या डबीचा राग यायचा, यांच्या वाकलेल्या पाठीचा, आणि काही बोलता न येणाऱ्या माझाही. ओसरीच्या बोर्डात एकच प्लग बसे, तो ॲम्प्लिफायरचा. एलिमिनेटरची वायर स्वयंपाकघरातून यायची. मी दिवसभर ती ओलांडत असे. मांडवातही हे ती डबी दिव्यांच्या वेगळ्या लायनीवर लावत.

आखाजी आली. नानांनी दुसरा गिटारवाला घेतला होता. माहेरी जाताना आम्ही धुळ्याला उतरलो, तिथल्या एका बँडवाल्याला सगळं सामान विकायला. त्याने पैसे यांच्या हातात दिले आणि मग ॲम्प्लिफायरचा आणि डबीचा, दोन्ही प्लग भिंतीवरच्या एकाच बोर्डात खोचले. यांनी तार छेडली. सूर आला. मागे घुरघुर काहीच नाही.

"भाऊ, इतलं साफ वाजस, मंग इकतस कसाले?" बँडवाल्याने विकायचं कारण विचारलं.

हे बोर्डाकडे बघत राहिले. दोन्ही प्लग एकाच बोर्डात, एवढंच होतं, तर इतक्या जाणत्या माणसांतून कुणी सांगितलं का नाही? पण पैसे खिशात गेले होते. सोनगीरचा किल्ला मागे पडेपर्यंत यांची बोटं एस्टीच्या खिडकीच्या गजावर हलत होती, नंतर थांबली.

आता हे नाहीत. बिबड्या घालताना मी ओळीत अजून जागा सोडते, आणि ऊन तिथे रिकामंच पडतं. आखाजीच्या त्या संध्याकाळी माहेरच्या अंगणात पोरी झोक्यावर गात होत्या. यांनी दादाच्या हातावर सगळे पैसे ठेवले, आणि देणं फिटलं तसं देण्यासारखंही आमच्याकडे काही उरलं नाही.